जित्या घोडीसाठी खड्डा

सावरटोल्यात प्रेमलालला नुसतं प्रेमलाल कुणी म्हणत नाही. घोडीवाला प्रेमलाल म्हणतात. कटंगीपासून बावनथडीच्या काठापर्यंत ज्या घरी पोरगा लग्नाला आला, त्या घरून प्रेमलालला निरोप आलाच म्हणून समजा. नवरदेव घोडीवर, आणि तिच्या तोंडाशी लगाम धरून, तिच्याकडे बघत उलटा चालणारा हा काटकुळा माणूस. लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो असतो आणि प्रत्येक फोटोत अर्धा कापलेला असतो. त्याचं त्याला काही वाटत नाही. घोडी पुरी आली ना, मग झालं, असं म्हणतो आणि तंबाखू मळायला घेतो.

घोडीचं नाव हौसा. ती घरात आली त्याचीही गंमतच आहे. प्रेमलाल तेव्हा राइस मिलमध्ये पोती वाहायचा. लेक नूतन नुकती पाऊल टाकायला लागली होती, घरात दूध हवं होतं, म्हणून बायकोनं, गोदाबाईनं, त्याला तुमसरकडच्या बाजाराला पाठवलं ते म्हैस आणायला. हा बाबा गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पांढरं शिंगरू चालवत घेऊन आला. म्हैस कुठं आहे, असं गोदाबाईनं विचारलं, तेव्हा त्यानं शिंगराकडं बोट दाखवलं आणि म्हणाला, "माह्याकडं पाहून हासलं थे." गोदाबाईनं तोंडाला पदर लावला, तो काही हसू लपवायला नव्हे. पुढं कितीतरी दिवस ती नवऱ्याशी शेजारणीमार्फत बोलत होती. नंतर बोलायला लागली, तरी हौसाला तिनं नावानं कधी हाक मारली नाही. 'तुमची ते' म्हणायची, आणि फारच चिडली की सवत.

पण त्या सवतीनंच घर उभं केलं, हेही गोदाबाईला कबूल होतं. मिलमधली पोती सुटली, गवताचं छप्पर जाऊन कौलं आली, नूतन कटंगीच्या कॉलेजात गेली. लग्नाच्या दिवसांत हौसा घरी कमी आणि वरातीत जास्त असायची. बँड वाजो, डीजे वाजो, पोरं दारू पिऊन तिच्या पायांत नाचोत, ती जागची हलायची नाही. जिथं जाई तिथं बाया तिच्या कपाळाला हळदकुंकू लावायच्या, नवरदेवाची बहीण भिजवलेली चण्याची डाळ पदरात धरून तिला भरवायची. प्रेमलालला स्वतःला कधी कुणी ओवाळलं नाही. हौसाला ओवाळलं की आपल्याला ओवाळल्यासारखं त्याला वाटायचं.

भाद्रपदात हे सगळं संपलं. त्या दिवसांत लग्नं नसतात, हौसा आराम करायची. गावच्या रस्त्याकडेला सिमेंटची नाली आहे, वर फरश्या टाकलेल्या. त्यातली एक प्रेमलालच्या घरापुढंच फुटलेली होती. गावाला ती माहीत होती, शेंबडं पोरसुद्धा तिथून उडी मारून जायचं. हौसालाही माहीत होती. पण त्या सकाळी समोरून ट्रॅक्टर आला, ती एक पाऊल मागं सरली आणि मागचा पाय मांडीपर्यंत आत गेला. हाडाचा आवाज प्रेमलालनं ऐकला.

गावच्या लोकांनी तिला ताडपत्रीवर घालून कोठ्यात आणली. कोठा म्हणजे घरामागचा गोठा. त्याचं दार बाडीत उघडतं, आणि बाडी म्हणजे कुडानं वेढलेला परस. त्यात मका नि वालाच्या शेंगा लावलेल्या. हौसा दाराशीच आडवी पडली होती. पाय नको त्या जागी वळलेला. ती ओरडत नव्हती. फक्त प्रेमलाल दिसेनासा झाला की मान उचलायची आणि उठायला बघायची, आणि मग सगळं अंग थरथरायचं. म्हणून तो तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

जनावरांच्या डॉक्टर आल्या त्या दुपारी. देवश्री त्यांचं नाव. बालाघाटच्या एका मराठी घरातली मुलगी. तिच्या आजोबांची सरकारी नोकरीत इकडं बदली झाली आणि घर इथलंच होऊन गेलं. वयानं नूतनहून थोडी मोठी असेल. तिनं पाय चाचपला, हौसाच्या मानेवरून हात फिरवला, दुखणं कमी करायची सुई दिली, आणि मग प्रेमलालला जवळ बसवलं.

"काका, हाड दोन ठिकाणी मोडलंय. घोड्याचं हे हाड जुळत नाही. ती आता उभी राहणार नाही, आणि घोडं पडून राहिलं की आतून संपत जातं. फार हाल होतात. मी दिलेलं औषध उद्यापर्यंतही पुरायचं नाही. तिला सोडवणं एवढंच आपल्या हातात आहे."

प्रेमलालनं हौसाच्या कपाळावरचे केस बाजूला सारले. मग म्हणाला, "आता करता का, म्याडम?"

"औषध बालाघाटहून आणावं लागेल, ते मी आणते. पण आधी खड्डा. खोल, तिच्या मापाचा. ते औषध मांसात राहतं. कुत्र्यांनी, गिधाडांनी खाल्लं तर तीही मरतात. मागे एका गावात मी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्यांनी जनावर नाल्यात लोटलं, आणि नाल्याकाठची सगळी कुत्री मेली. तेव्हापासून खड्डा डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सुई भरत नाही."

यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. अडचण एवढीच होती की सावरटोल्यात जीव असलेल्यासाठी खड्डा खणत नाहीत. माणूस असो, जनावर असो, श्वास थांबला की मग कुदळ. आधी खणला आणि उघडा राहिला, तर तो खड्डा त्या घरचं माणूस मागतो, असं तिथं लहानाथोरांना ठाऊक आहे. कुणी कधी पडताळून पाहिलं का, असं विचारू नका. असल्या गोष्टी पडताळून पाहायला कुणाचं घर रिकामं असतं?

प्रेमलाल सरपंचाकडं गेला. सरपंच बाबूलाल, भला माणूस, आवाज मोठा. त्याच्या पोराची वरात याच वैशाखात हौसानं नेली होती. घोडीचं ऐकून त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. प्रेमलालनं गावठाणातली थोडी उंच जागा मागितली, तसं ते पाणी आटलं.

"प्रेमलालभाऊ, गावची लक्ष्मी व्हय थे. माह्या पोराले तिनं नेलं, अन् आता तिले सुई देऊन मारासाठी मी जागा देऊ? आपोआप जाऊ दे तिले."

"तरास होऊन राह्यला जी तिले. पाहवत नाई."

"मंग गेल्यावर ये. गेल्यावर जागा बी देतो, मानसं बी देतो, नारळ बी मी आनतो. पन जित्या जिवाचा खड्डा गावात कोन खनू देईल, सांग मले?"

पुढं ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं, फक्त शब्द वेगळे. स्वतःचं शेत म्हणावं तर प्रेमलालची एकच बांधी, धानाची, गुडघाभर पाण्यात. तिथं फावडं मारलं की खड्डा मागोमाग पाण्यानं भरत येतो. पलीकडं जंगल, पण जंगलात कुदळ नेली तर जंगलखात्याचा नाकेदार सोडायचा नाही. पूर्वी मेलेलं जनावर ओढून नेणारी माणसं होती. त्या घरांनी ते काम सोडलं, पोरं शिकवली, आणि फार चांगलं केलं. ज्यांनी पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडून ते करून घेतलं, त्यांनी मात्र स्वतः हात लावायचा म्हणून काही शिकून ठेवलं नाही. प्रेमलालही त्यांच्यातलाच एक. आता अडला होता.

अडकला होता असंच म्हणायला हवं. डॉक्टरीणबाई म्हणत होती, खड्ड्याशिवाय सुई नाही. गाव म्हणत होतं, जीव गेल्याशिवाय खड्डा नाही. दोघांच्या मधोमध हौसा पडली होती. संध्याकाळी बायका येऊन तिची पूजा करून गेल्या. कुणी कुंकू लावलं, कुणी डाळ आणली. हौसानं डाळीला तोंड लावलं नाही. एकीनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं ते नेमकं मोडक्या पायावर, आणि हौसा अशी काही कण्हली की बाई घाबरून पळाली. एवढं प्रेम करणारं गाव, आणि त्यातला एक माणूस कुदळ धरायला तयार नव्हता. प्रेमलालला त्या कुंकवाचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा सुईचा असर ओसरला होता. हौसा कोठ्याचा लाकडी खांब चावत होती. खांबावर दातांच्या खुणा आणि त्यांत रक्त. प्रेमलालनं ते पाहिलं आणि घरात येऊन गोदाबाईला म्हणाला, "बाडीत खनतो. बाडी उंच हाय, पानी लागत नाई."

गोदाबाई चुलीपुढून उठली. "घरात पोरगी दोन जिवांची हाय. हे दिसते का तुमाले?"

नूतन बाळंतपणाला माहेरी आली होती. खाटेवर बसून ती वाल सोलत होती. "माय, मले काही होत नाई," ती म्हणाली. "ये सब पुरानी बातें हैं. हौसाचे हाल पाह्यतेस ना तू?"

"तू चूप बस. तू पोटात होती तवा मीनं असं म्हनलं होतं का? ज्याचं भेव असते त्याले पुरानं-नवं नसते." मग नवऱ्याकडं वळून, "तुमच्या तिच्यासाठी मी माही पोरगी डावावर लावत नाई. सांगून ठेवते."

प्रेमलालचा या गोष्टीवर विश्वास होता की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण पोटुशी लेक घरात असताना विश्वास नाही म्हणायची हिंमत कुणाच्या बापाला होते? तो परत कोठ्यात जाऊन हौसाच्या डोळ्यांसमोर बसला. तिनं खांब सोडला आणि त्याच्या गुडघ्यावर तोंड ठेवलं. तोंड गरम होतं. तसा तो थोडा वेळ बसला आणि मग त्यानं गोदाबाई निंदायला बांधीवर जायची वाट पाहिली. ती गेल्यावर त्यानं लोकेशला फोन लावला.

लोकेश म्हणजे जेसीबीवाला. त्या भागात सरकारी योजनेत संडास आले तेव्हापासून त्याला फुरसत नाही. घोडीसाठी खड्डा म्हटलं तर हाही यायचा नाही, हे प्रेमलालला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं सांगितलं, संडासाची टाकी खणायची आहे. आयुष्यात फारसं खोटं न बोललेल्या माणसानं बोललेलं ते खोटं होतं, आणि तसंच ते त्याच्या अंगावर आलं. लोकेश तासाभरात आला, कुडाची एक बाजू पाडून मशीन बाडीत घातलं, मका आडवा केला, आणि टाकीचा खड्डा खणून दिला. खोल, चौकोनी, नीटनेटका. गावात त्यानं जितके खणले होते तितके सगळे त्याच मापाचे. प्रेमलाल कोठ्याच्या दारात उभा होता, पण त्याचं लक्ष मशीनच्या आवाजानं बिथरलेल्या हौसाकडं होतं. "लो काकाजी, हो गया," लोकेश म्हणाला. "उद्घाटनाले बलावजा!" आणि मशीन घेऊन दुसऱ्या गावाला गेला.

तो गेल्यावर प्रेमलालनं खड्ड्यापाशी जाऊन पाहिलं. लगामाच्या दोरीनं हौसा मोजली, मग तीच दोरी खड्ड्यावर धरली. टाकीसाठी खड्डा उत्तम होता. घोडी त्यात बसत नव्हती.

लोकेशला परत बोलवायचं तर काय सांगायचं? एवढी मोठी टाकी कुणासाठी? प्रेमलालनं डॉक्टरीणबाईला फोन करून खड्डा झाला म्हणून कळवलं, कारण औषध निघायला हवं होतं. बांबूची शिडी सोडली, सब्बल, म्हणजे पहार, नि फावडं घेऊन आत उतरला, आणि एका बाजूची भिंत फोडायला लागला. भिजलेली माती होती, सब्बल घुसत होती. दुपारपर्यंत होईल असा त्याचा हिशेब होता. गोदाबाई लवकर परत आली. तिला बांधीवर कुणीतरी सांगितलं असणार की तुमच्या बाडीत जेसीबी शिरला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खड्ड्याच्या काठाशी आली, पाडलेला कूड पाहिला, मातीचा ढीग पाहिला, आत छातीपर्यंत मातीनं माखलेला नवरा पाहिला, आणि मटकन खाली बसली.

प्रेमलाल शिडीकडं सरकला. "पानी पाजून येतो तिले. लवकर येतो."

"नाई," गोदाबाई म्हणाली. "आता निंघाचं नाई."

"काहून?"

"खनला तो खनला. आता उघडा नाई सोडाचा. तिले आनतपर्यंत कोनाचे तरी जिते पाय आत पाहिजे. माही आजी सांगे. आत मानूस हाय तोवर खड्डा दुसऱ्याले मागत नाई." तिनं शिडीचं वरचं टोक धरलं. "तुमाले खनाचाच होता ना? मंग राहा आत. घरातल्या पोरीसाठी एवढं तरी करा जी."

तो पाय शिडीच्या पहिल्या कांबीवर ठेवून तसाच उभा राहिला. मग त्यानं पाय खाली घेतला. लेकीसाठी खड्ड्यात राहायचं, एवढंच तर मागत होती ती. त्याला नाही म्हणता आलं नाही.

भिंत फोडून झाली, माती वर टाकून झाली. आता काम उरलं नाही, तेव्हा मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते फार वाईट होतं. आतून त्याला वर आभाळाचा तुकडा दिसे, मातीच्या कडा दिसत आणि कधीकधी गोदाबाईचं तोंड. कोठा दिसत नव्हता. पण हौसा ऐकू येत होती. तिचं फुरफुरणं, दात घासणं, मधेच ते खोलातून येणारं कण्हणं. त्यानं पहिल्यांदा न राहवून आतूनच आवाज दिला, "हौसा, हाय मी, हाय." आणि वर एकदम धडपड झाली. नूतन ओरडली, "बाबूजी, बोलू नका! तुमचा आवाज आला की उठासाठी पाह्यते थे! पाय अजून वळला तिचा!"

त्यानंतर तो बोलला नाही. विचार करा. वरातीच्या गलक्यात बावीस वर्षं या माणसानं आपल्या आवाजावर तिला चालवलं होतं. आता तोच आवाज तिला मारत होता. जायचं नाही, बोलायचं नाही. त्यानं मुठीत माती घट्ट धरली आणि तोंड भिंतीला लावून उभा राहिला. रडला तर तोही आवाजच होणार, म्हणून नीट रडताही येईना. मोठ्या माणसानं आपली अशी कोंडी करून घ्यावी आणि ती कुणी लादलेलीही नसावी, यापरता वैताग कोणता? डॉक्टरीणबाई चूक नव्हती. गोदाबाई चूक नव्हती. बाबूलालचं डोळ्यांतलं पाणीसुद्धा खरं होतं. रागवायला त्याला कुणी सापडत नव्हतं.

खड्ड्यात फोनला रेंज नव्हती. फोन गोदाबाईजवळ होता. तो वाजला तेव्हा तिनं काठावरून आत धरला. देवश्री बोलत होती. किरनापूरकडून बोलावणं आलं होतं, एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं, मालक रडत होता, तिला वाटेतून तिकडं वळावं लागलं. "काका, उशीर होईल. संध्याकाळच्या आत येतेच. थांबाल ना?"

प्रेमलालनं नुसती मान हलवली. गोदाबाईनं फोनमध्ये सांगितलं, "हौ म्हनतेत."

दुपार कलली. रिमझिम लागली आणि खड्ड्याच्या तळाशी घोट्याएवढा चिखल झाला. गोदाबाई काठाशीच बसून होती. तिनं डोक्यावर पोतं घेतलं, एक पोतं त्याच्या अंगावर टाकलं. भाकर दिली, त्यानं खाल्ली नाही. मधूनमधून ती उठून कोठ्यात जायची, घोडीला पाणी दाखवायची, परत येऊन बसायची. दर वेळी तिचं तोंड आधीपेक्षा उतरलेलं. एकदा ती आली आणि स्वतःशीच म्हणाली, "जीभ चावली तिनं." प्रेमलालनं ते ऐकलं. ऐकून करायचं काय, ते त्याला कळत नव्हतं.

देवश्री आली तेव्हा उजेड अजून होता. तिचे कपडे म्हशीच्या रक्तानं भरलेले होते. ती आधी खड्ड्याशी आली, खोली पाहिली, रुंदी पाहिली, आत उभा असलेला मालक पाहिला, आणि हे काय म्हणून विचारलं. नूतननं तिला हळूच सांगितलं. असल्या समजुती बालाघाटला तिच्या स्वतःच्या घरीही होत्या, तिनं वाद घातला नाही. ती बॅग घेऊन कोठ्यात गेली.

थोड्याच वेळात आतून धडपड ऐकू आली. खांब हलल्याचा आवाज, देवश्रीचा "अरे अरे", नूतनचा रडवा सूर. देवश्री बाहेर आली. तिच्या कोपराला खरचटलं होतं.

"मानेला हात लावू देत नाहीये. आधी गुंगीची सुई द्यायची तर शीर सापडायला हवी, आणि ती डोकं आपटतेय. तिच्या ओळखीचं कुणीतरी डोकं धरायला हवं. काका, वर या."

प्रेमलालनं गोदाबाईकडं पाहिलं. दिवसभर तोंड मिटून राहिलेल्या माणसाचे डोळे काय बोलायचे ते बोलत होते.

"मी उतरते आत," नूतन म्हणाली.

"खबरदार!" गोदाबाई अशी कडाडली की देवश्रीही दचकली. "तू घरात जा. या बाडीत पाय ठेवू नको." नूतन दोन पावलं मागं सरली. कुडाच्या पाडलेल्या बाजूला गावची चार माणसं येऊन उभी राहिली होती. बाबूलालही होता. गोदाबाईनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. त्यातला प्रत्येक जण आपापल्या पायांकडं बघायला लागला.

मग तिनं डोक्यावरचं पोतं बाजूला ठेवलं. लुगड्याचा पदर कमरेला खोचला. शिडी धरली आणि पाठमोरी, एक एक कांब पायानं चाचपत खाली उतरायला लागली. गुडघ्यांनी ती कधीची अधू होती. खड्ड्यात दोघं समोरासमोर आली तेव्हा प्रेमलाल कुजबुजला, "नूतनची माय, काय करून राह्यली?"

"माहे पाय बी जितेच हायेत ना? जा तुमी. तिच्यापाशी जा."

तो तरी तसाच उभा.

"जा म्हनते ना!"

तो शिडी चढला, चिखलानं दोनदा पाय घसरला, आणि कोठ्यात गेला. हौसानं त्याला पाहिलं आणि डोकं आपटायचं थांबवलं. तो तिच्या मानेशी बसला, तिचं डोकं मांडीवर घेतलं. वरातीत कानाशी फटाके फुटायला लागले की तो तळवा तिच्या डोळ्यावर धरायचा. आताही धरला. देवश्रीनं एक सुई दिली, हौसाचा श्वास सैल झाला. मग दुसरी. प्रेमलाल आता बोलू शकत होता आणि तो बोलत राहिला. काय बोलला ते नूतननं ऐकलं होतं, पण तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. देवश्रीनं कानाला नळी लावून छाती ऐकली आणि म्हणाली, "गेली, काका." तरी थोडा वेळ तो बोलतच होता.

आता गाव आलं. आता माणसं मिळाली, ताडपत्री मिळाली, चुन्याची आणि मिठाची पोती मिळाली. बाबूलालनं खरोखर नारळ आणला. सगळ्यांनी मिळून हौसाला ताडपत्रीवर ओढत काठाशी आणली, आणि ती काठाशी टेकेपर्यंत गोदाबाई आत उभी होती, दोन्ही हातांनी शिडी धरून. मग तिला वर घेतली. शेवटच्या कांबीवर प्रेमलालनं तिला दंडाला धरून उचलली. हौसा खाली गेली. चुना पडला.

दोघं बाजूला उभी राहिली. प्रेमलालनं विचारलं, "भेव नाई वाटलं तुले?"

"वाटलं ना. सारं अंग कापत होतं." गोदाबाईनं पदरानं तोंड पुसलं, त्यानं माती आणखीच पसरली. "पन दुपारभर वर बसून तुमाले आत पाह्यत होते, तेव्हा याच्याहून जास्त वाटलं."

बाबूलालनं फावडं पुढं केलं. पहिली माती मालकानं टाकायची असते. प्रेमलालनं फावडं घेतलं नाही. "तुमी टाका जी," तो म्हणाला. त्याच्या एका हातात गोदाबाईचं मनगट होतं, आणि ते तो सोडत नव्हता.

"सोडा ना जी," गोदाबाई हळूच म्हणाली. "लोक पाह्यतेत."

"पाहू दे," प्रेमलाल म्हणाला, आणि खड्डा भरेपर्यंत तसाच उभा राहिला.